रजाईसकट वजन

मित्रांनो, एका तान्ह्या मुलीच्या मरणाचा ठपका ज्याच्यावर कागदोपत्री ठेवला गेला, तो जुना वजनकाटा मी. लखनौच्या एका मुलांच्या रुग्णालयात, जिन्याखाली, फिनाइलच्या डब्यांशेजारी मी पडलो आहे.

माझी दांडी लोखंडाची, तिच्यावर सरकणारं वजन पितळेचं आणि तान्ह्याला निजवायचं ताट पांढऱ्या इनॅमलचं. कारखान्यातून निघताना माझा एक पेच घट्ट पिळून त्यावर शिक्का मारला होता. काटा खरा असल्याची ती खूण. किती मुलं माझ्या ताटात रडली, मुतली आणि धडधाकट होऊन घरी गेली!

एक्क्याण्णव साली डॉ. मीनाक्षी केळापुरे इथे आल्या. मूळच्या साताऱ्याच्या, यजमान रेल्वेत इंजिनिअर. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी पाहिलं की इथल्या आया आपापल्या मुलाला रजाईत गुंडाळून, आत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून आणतात. सिस्टर तसंच वजन करतात आणि मनानेच थोडं वजा करतात. आकडाही कुजबुजत सांगतात, कारण मोठ्याने म्हटला तर मुलाला दृष्ट लागते म्हणे. आणि लहान मुलाचं औषध तर वजनावरच ठरतं!

मीनाक्षीताईंनी नेम घालून दिला. मूल उघडं करायचं. आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसरीने तो पुन्हा म्हणायचा, मगच लिहायचा. रोज सकाळी एक किलो मिठाची पिशवी ठेवून मलाही तपासायचं. आया भांडायला उठल्या. "और नज़र लगेगी तो आप उतारेंगी?"

"हाँ, मैं उतारूँगी," ताई म्हणाल्या आणि खिशात काजळाची डबी ठेवू लागल्या. आकडा म्हटला की बाळाच्या तळपायाला तीट.

रुग्णालयाचे मोठे साहेब डॉ. हरिहर शरण यांना याचं फार हसू यायचं. "डॉक्टर साहिबा, यह वज़न हो रहा है या आरती?" पण चार वर्षांत एकाही मुलाला औषध जास्त झालं नाही. शहरातली दुसरी रुग्णालयं ताईंना शिकवायला बोलावू लागली.

शहाण्णवच्या जानेवारीत त्या अशाच शिकवायला गेल्या होत्या. जाण्याआधी मला तपासून वहीत नोंद केली होती. त्या दिवशी मोठ्या घरच्या एक बाई गरीब मुलांना रजाया वाटायला आल्या. बरोबर फोटोवाले. तेवढ्यात मलिहाबादच्या आमराईत राखण करणाऱ्या एकाची मुलगी झटके येत असताना आणली. बाईंनी तिला आईच्या गरम पाण्याच्या पिशवीसकट नवी रजाई गुंडाळली आणि माझ्या ताटात ठेवली. कल्पना सिस्टर रजाई सोडायला वाकल्या, तशी साहेब दात आवळून म्हणाले, "रहने दो, फोटो हो रहा है. लिखो और सुई लगाओ."

"सर, अंदर पानी की थैली भी है..."

"ज़बान बहुत लंबी हो गई है तुम्हारी!"

मी सव्वापाच किलो दाखवले. ते खोटं नव्हतं. रजाई, पिशवी आणि मुलगी मिळून तेवढंच भरत होतं. मुलगी तीन किलोची होती. आकडा कुणीच म्हटला नाही. सव्वापाच किलोंचं औषध तिच्या शिरेत गेलं आणि दुपारी तिचा श्वास थांबला. रजाई झटकून पुढच्या मुलाला दिली.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी पाठवलेला विजय मिस्त्री आला. त्याने माझा शिक्का फोडला आणि पेच फिरवला. दुसऱ्या दिवशी माझ्यावर एक किलो मीठ ठेवलं, तर मी सव्वातीन दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोललो.

मीनाक्षीताईंना कल्पना सिस्टरांकडून सगळं कळलं होतं. साहेबांनी कागद पुढे सरकवला. "लिखा है कि काँटा ख़राब था. दस्तख़त कीजिए. नहीं तो वज़न कल्पना ने लिखा था, जेल वही जाएगी. दो बच्चे हैं उसके." कल्पना सिस्टर नागपूरच्या, नवरा वारलेला. त्या भिंतीला चिकटून नखं कुरतडत होत्या. ताईंनी सही केली.

मग साहेबांनी मुलीच्या बापाला माझ्यापुढे उभं केलं. "यही है. इसी ने धोखा दिया." त्याने पायातला जोडा काढला आणि माझ्या ताटाचं इनॅमल उडेपर्यंत मला मारलं. मग जोडा तिथेच टाकून तो एका पायाने अनवाणी निघून गेला. ताई जमिनीकडे बघत होत्या.

नवा काटा आला, हिरवे आकडे चमकणारा. "नई मशीन है, झूठ नहीं बोलेगी," म्हणत साहेबांनी मूल उघडं करणं, आकडा म्हणणं, सगळं बंद केलं. ताई भांडायला गेल्या. साहेब हसले. "ग़लती काँटे की थी, आप ही ने तो लिखा है!"

पुढच्या थंडीत त्या खऱ्याखुऱ्या काट्यावर एक मुलगा रजाईसकट तोलला गेला. तोही गेला. त्याच्या आईचा आक्रोश जिन्याखाली मला ऐकू आला.

त्याच दिवशी ताईंनी खरं लिहून दिलं, आपल्या खोट्या सहीसकट. त्यांना निलंबित केलं. कल्पना सिस्टरांना काढून टाकलं. साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले. मूल उघडं करूनच तोलायचं, अशी पाटी मात्र भिंतीवर लागली.

जायच्या दिवशी दोघी जिन्यापाशी समोरासमोर आल्या. ताई म्हणाल्या, "कल्पना, तुला वाचवायला सही केली होती गं."

"माहीत आहे ना, ताई. नोकरी तर आताही गेलीच. हेच मागच्या वर्षी लिहिलं असतं, तर तो पोरगा तरी राहिला असता."

सिस्टर उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

मित्रांनो, मला इथून काढा, पुसा, असं माझं मागणं नाही. मी लोखंड आहे, कितीही जोडे सोसेन. एवढंच सांगतो. चूक माणसाची असेल तर माणसाच्या नावाने सांगा, आणि त्याच दिवशी सांगा. माझ्यावर ठपका ठेवून तुम्ही घरी जाता, तेव्हा पुढच्या मुलाची आई पिशवीत गरम पाणी भरत असते.