बाबांचं बोलायचं राहिलं

मी सुतार आहे, आणि चांगला सुतार आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या हाताची चूक कुठेच नाही. चूक तोंडाची आहे.

आमच्या घरात एक रीत होती. काही मोठं ठरवायचं असेल, तर सगळ्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसायचं. आधी पंधरा मिनिटं गप्प राहून ज्याने त्याने मनातल्या मनात प्रभूला विचारायचं. मग एकेकाने बोलायचं, सगळ्यात लहान आधी, सगळ्यात मोठा शेवटी. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. आणि बसण्याआधी त्या कामातला एक खिळाही ठोकायचा नाही. याला आम्ही नुसतं 'बसणं' म्हणायचो. धाकट्या बहिणीचं लग्न, माझं दुकान, आईचं ऑपरेशन, सगळं बसून ठरलं. लहानपणी त्या पंधरा मिनिटांत मला हटकून शिंक यायची, आणि आई डोळे मिटूनच मला चिमटा काढायची.

आई गेल्यावर बाबा एकटे राहिले. बाबा पुस्तकांचे बाइंडर. त्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्या, एवढंच त्यांचं घर. वय ब्याऐंशी, तरी चर्चच्या मंडळीतली फाटकी बायबलं आणि गीतपुस्तकं शिवायला त्यांच्याकडेच यायची. रोज सकाळी चार पुस्तकं शिवायची, लोखंडी प्रेसमध्ये दाबून ठेवायची, मग चहा. एकदा ते दुकानाच्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण मी त्याच दिवशी ठरवून टाकलं, बाबांना आपल्याकडे आणायचं.

मग मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. घरामागे त्यांच्यासाठी खोली बांधली. पलंगाची उंची त्यांच्या गुडघ्याला मापून घेतली. भिंतीला धरायला कठडा लावला, उंबरठा ठेवला नाही. दुकानाच्या मालकाला जागा सोडतोय म्हणून कळवलं, प्रेस विकायला भंगारवाल्याशी बोलून ठेवलं, टेम्पो सांगितला. बायको म्हणाली, "अहो, पण अजून बसलो कुठे आपण?"

"रविवारी बसू की! देव काय नाही म्हणणार आहे? बापाची सेवाच करतोय ना मी?"

रविवारी बसलो. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि मी आपला टेम्पोत आधी पलंग चढवायचा की कपाट, याच विचारात. शेवटी 'प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' असंही म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते. देवाला मी विचारायला गेलोच नव्हतो. उरकलेल्या कामावर त्याची सही घ्यायला गेलो होतो.

धाकटी बोलली, "खोली छान झालीय. बाबा काय म्हणतात ते बघू." मग बायको बोलली. मग मी बोललो, जरा जास्तच बोललो. शेवटी बाबा. त्यांची सुरुवात नेहमीच सावकाश. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, तोंड उघडलं, आणि मला राहवलं नाही.

"बाबा, टेम्पो मंगळवारचा सांगितलाय. मालकालाही कळवलंय. तुम्ही नुसतं यायचं."

आमच्या टेबलाशी असं आजवर कुणी केलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. "मग आमेन म्हणू या," एवढंच म्हणाले.

मंगळवारी ते आले. वर्षभर कशाबद्दल कुरकुर नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला खोलीचं कौतुक सांगायचे. खिडकीपाशी मी टीव्ही लावून दिला होता, तो बंदच असायचा. मांडीवर हात ठेवून ते बसून राहायचे, आणि मला वाटायचं, चला, आराम मिळतोय. धाकटी एकदा म्हणाली, "दादा, बाबा इथे पाहुण्यासारखे राहतात." मी तिच्यावर खेकसलो.

मागच्या आठवड्यात धाकटीच्या मुलीच्या शिक्षणाचं ठरवायला आम्ही तिच्याकडे बसलो. शेवटी बाबांची वेळ आली. ते हसून म्हणाले, "माझं काही नाही. तुम्ही ठरवलं असेल तसं." तेव्हा मला कळलं. बाबांचं बोलणंच बंद करून टाकलं होतं मी.

परवा दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं, "बाबा, त्या रविवारी तुम्ही काय बोलणार होता?"

"येतो म्हणणार होतो."

"काय?"

"आठवडाभर प्रार्थना करत होतो रे. पोराकडे जा, असंच मन सांगत होतं. प्रेस तेवढा बरोबर घेऊ म्हणणार होतो. खिडकीपाशी बसला असता."

बसलाच असता. जागा मीच मोजली होती. त्यांनी मागितला असता, तर मी 'नाही' थोडंच म्हणालो असतो? पण मागायला त्यांना एक मिनिट लागणार होतं, आणि ते मिनिट मी खाऊन टाकलं.

"मी उद्याच जातो," मी म्हणालो. "भंगारवाल्याला गाठतो. नाही मिळाला तर दुसरा आणतो."

"बघ, परत ठरवलंस!" बाबा हसले. "बस आधी."

आम्ही दोघंच बसलो. पंधरा मिनिटं माझ्याकडे मागायला काही नव्हतं, सांगायलाही नव्हतं. लहान मी, म्हणून आधी मी बोललो. "बाबा, चुकलं माझं. तुमचंही ऐकलं नाही, देवाचंही नाही."

"माफ तर तेव्हाच केलं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं थरथरत होती. "पण प्रेस आणू नकोस. वर्षभर हात रिकामे राहिले. आता सुई धरवत नाही."

बोलायला खूप होतं, पण त्यांचं संपलंय की नाही ते कळेना, म्हणून मी गप्प बसून राहिलो.