नऊ तासांची बस

जहाजावरच्या सहलींच्या काउंटरपाशी दादांनी माहितीपत्रक तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा नाक मुरडलं.

"नऊ तास! अगं, चार तास जायला, चार तास यायला आणि मध्ये तळ्याकाठी जेमतेम एक तास. ही सहल आहे की ड्यूटी?"

ज्याने पस्तीस वर्षं बस चालवली त्याला सुट्टीत बसमध्ये बसायला सांगायचं, म्हणजे आचाऱ्याला रविवारी कांदे चिरायला बसवण्यातला प्रकार. हे वहिनींना कळत नव्हतं असं नाही.

डेपोतले धाकटे-थोरले सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून शाळेत शिवण शिकवणारी त्यांची बायको आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. दोघंही निवृत्त झाल्यावर मुलीने हट्टाने त्यांना या जहाजावर बसवून दिलं. आठ दिवस, चार बंदरं. पहिल्या बंदरात ते धक्क्यावर पाय मोकळे करून आले, दुकानात चार टोप्या डोक्यावर घालून बघितल्या, एक घेतली आणि जेवायला जहाजावर हजर. दादांना एवढंच मानवत होतं.

"तळंच बघायचंय ना?" दादांनी समुद्राकडे हात केला. "हे बघ केवढं मोठं! आणि खुर्चीत बसून दिसतंय."

"ते डोंगरात आहे. हिरवंगार आहे म्हणे."

"पाणी ते पाणी."

खरं सांगायचं तर वहिनींना त्या तळ्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती ती बस. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण नवऱ्याच्या शेजारी त्या बसमध्ये एकदाही बसल्या नव्हत्या. माहेरी जायचं तर दादांचीच गाडी, म्हणजे दादा स्टिअरिंगवर आणि वहिनी जाळीच्या मागच्या बाकावर. सुट्टीत कुठे जाऊ या म्हटलं, की दादा म्हणायचे, "आजही बस?" दमलेलाच असायचा बिचारा माणूस, त्याला काय बोलणार? इतर बायका नवऱ्याच्या खांद्याशी कलून खिडकीबाहेरचं काहीबाही दाखवत, कुजबुजत, हसत. वहिनी ते बघत राहत.

आता हे सांगायचं तरी कसं? साठी उलटलेल्या बाईने नवऱ्याला म्हणायचं, अहो, माझ्या शेजारी बसा ना? छे! त्यापेक्षा तळं बरं.

"मला तळं बघायचंच आहे," त्या म्हणाल्या.

काउंटरवरची मुलगी प्रामाणिक निघाली. सहल दमवणारी आहे, पुष्कळ जण कंटाळतात, कधीकधी धुकं असतं आणि तळं दिसतच नाही, असं तिने स्वतःहून सांगितलं. तेवढ्याच वेळेत गावातल्या बागेत फिरून दुपारी आराम करता येईल, हेही सुचवलं.

"बघ!" दादांना भलताच जोर चढला. "विकणारीच म्हणतेय जाऊ नका! आणि परत यायला उशीर झाला, जहाज निघून गेलं तर? राहायचं का त्या तळ्यात?"

"आमचीच सहल आहे, बस आल्याशिवाय जहाज हलत नाही," मुलगी म्हणाली.

दादांनी बायकोकडे पाहिलं. घरातल्या पडद्याच्या रंगावरूनही जिने कधी हुज्जत घातली नाही, ती आज काउंटरला चिकटून उभी होती. त्यांनी हात टेकले. "बरं बाई, चल. तुझ्या तळ्याला लागोत माझे नऊ तास."

सकाळी वहिनी ठेवणीतले कपडे घालून बसमध्ये तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसल्या. शेजारची जागा ऐसपैस राहावी म्हणून पिशवी मांडीवर घेतली. दादा खाली टायरना लाथा मारून बघत होते. मग वर आले, नवी टोपी आणि पाण्याची बाटली वहिनींच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, "पुढची सीट रिकामी आहे. घाट लागेपर्यंत जरा ड्रायव्हरजवळ बसतो."

धन्य तो माणूस! घाट लागला, घाट संपला, दुसरा लागला, तरी गडी पुढेच. ड्रायव्हरला दादांची भाषा येत नव्हती, दादांना त्याची. पण दोघांचे हात चालू होते. हा गिअर, हा क्लच, उतारावर असं, वळणावर तसं. दोघं खो खो हसत होते. एका कुरणात पांढरं घोडं उड्या मारताना दिसलं, तेव्हा वहिनी पटकन "अहो" म्हणून वळल्या. शेजारी टोपी होती. मग त्यांनी बाहेर बघणंच सोडून दिलं.

तळ्यावर पोचले तर धुकं असं दाट, की कठडा दिसे आणि त्यापुढे काही नाही. सगळे गाइडवर करवादत होते. दादा मात्र खुशीत.

"गाडी झकास आहे बरं का! आणि पठ्ठ्याचा हात काय आहे! ब्रेक लावल्याचं कळत नाही." मग बायकोचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "तुझं तळं काही दिसलं नाही. फार वाईट वाटतंय का?"

"तळं गेलं खड्ड्यात!" वहिनी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की दोन माणसं वळून बघायला लागली. "मला तुमच्या शेजारी बसायचं होतं. एकदा तरी. नवऱ्याच्या शेजारी, बसमध्ये, सगळ्या बायका बसतात तशी. त्यासाठी हा सगळा आटापिटा. आणि तुम्ही मला टोपीशेजारी बसवलंत!"

दादांनी बसच्या पुढच्या सीटकडे बोट केलं.

"मी होतो की समोर," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला दिसतोय."

"मान दिसत होती. छत्तीस वर्षं मान बघतेय मी तुमची."

दादांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला. तो तिला कमी पडला.

परत निघताना ड्रायव्हरने मोठ्या प्रेमाने पुढच्या सीटवर थाप मारली. दादांनी मागे बायकोकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसले. पहिला अर्धा तास दोघं अवघडून होते. प्रत्येक वळणाला दादांचा पाय जमिनीवर दाबला जाई, नसलेला ब्रेक शोधत. वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूहळू पाय सैल पडला आणि जिभाही सुटल्या. दादांनी पहिल्या नोकरीतल्या साहेबाची नक्कल केली. वहिनींनी मुख्याध्यापिकेची केली. मुख्याध्यापिकेने एकदा शिवणाच्या तासाला स्वतःचाच पदर मशिनमध्ये कसा शिवून घेतला, ती हकिकत ऐन रंगात आली होती, तेवढ्यात दादा सीटवरून अर्धे उठले.

"काय झालं?"

"याने फाटा चुकवला. सकाळी आलो तेव्हा मी बघून ठेवलंय, पेट्रोल पंपापाशी डावीकडे वळायचं. हा सरळ गेला. आता अख्ख्या डोंगराला वळसा पडणार, पाऊण तास तरी."

गाइड समोर मान टाकून झोपला होता. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"अहो, मग सांगा ना त्याला! उशीर होईल."

दोन मिनिटांच्या उशिरासाठी कंडक्टरला फैलावर घेणारा हा माणूस. तो रस्त्याकडे बघत क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग खाली बसला आणि बायकोकडे सरकला.

"होऊ दे," दादा म्हणाले. "हं, पदर अडकला. पुढे?"