फिरता डबा

आमच्या केंटकीच्या डोंगरात हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की बाबा रिकामी काडतुसं पुन्हा भरायला काढत. आधी त्या पितळी पुंगळ्या फडक्यानं घासून लखलखीत करायच्या. बाबा आमच्या चर्चच्या मंडळीचे उपदेशक, आणि आमच्याकडे उपदेश गाऊनच करतात. पुंगळ्या घासता घासता बाबा सूर लावत, आणि आई हातातलं काम थांबवून ऐकत बसे.

त्या वर्षी संधिवातानं बाबांची बोटं वळेनात. मग त्यांनी मोडक्या वॉशिंग मशीनची मोटर काढली, तिच्यावर फिरणाऱ्या दोन रुळांवर कॉफीचा मोठा डबा आडवा ठेवला आणि त्यात पुंगळ्या नि अक्रोडाच्या टरफलांचा चुरा भरला. डबा फिरू लागला आणि घरभर खडखडाट झाला.

"बघ ओडेसा, कसं आपोआप घासलं जातंय," बाबा आईला म्हणाले.

"जातंय खरं. पण तू गप्प का, ॲन्सेल?"

"या गोंगाटात माझं मलाच ऐकू येत नाही, गाऊ काय?"

आईनं थोडा वेळ सोसलं, मग सरळ वायर उपटली.

"अगं, हंगाम तोंडावर आलाय. कोण घासणार एवढ्या?"

"मी. बोटं माझी धड आहेत, गळा तुझा. बस इथं."

तिनं पुंगळ्या ॲप्रनमध्ये ओतल्या, चिकटलेला चुरा फुंकला आणि फडकं घेतलं. बाबांनी जरा आढेवेढे घेतले, मग घसा खाकरला.

त्या हंगामात रविवारी प्रार्थनेला आईशेजारी बसलं की तिच्या हातांना पितळेचा वास येई. अजूनही तो वास आला की मला बाबांचा सूर ऐकू येतो.