‘येते’ न म्हणता

“पाणी दिलं तर घ्यायचं नाही. दहा मिनिटं बसायचं. आणि निघताना तोंडातून शब्द काढायचा नाही,” पदराला पिन लावता लावता माया आरशातल्या स्वतःला बजावत होती.

“भेटायला चाललीयस की भांडायला?” तिच्या नवऱ्याने, महेंद्रने विचारलं.

“तिने आपल्याकडे जे केलं तेच करायला चाललेय. एक काडी जास्त नाही, एक कमी नाही.”

महेंद्रने तिच्या खांद्यावरची पिन नीट लावून दिली. त्याचे वडील शिवराम जाऊन आठ महिने झाले होते, पण त्या दिवसाचा विषय निघाला की माया पेटायची, हे त्याला ठाऊक होतं.

मानपाड्याच्या त्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक साळव्यांचं, एक लिमयांचं. सहा वर्षं वासंती लिमये दिवसातून चारदा मायाच्या स्वयंपाकघरात. कधी कढीपत्ता, कधी चार्जर, कधी नुसता चहा. आणि दर वेळी उंबऱ्यावरून, “येते गं.” चिमूटभर हिंग नेला तरी “येते गं.” शिवराम गेले त्या दिवशी मात्र मायाने पुढे केलेला पाण्याचा ग्लास तिने तळहाताने मागे सारला. बाकी सगळे प्यायले. मग ती उठली आणि मायाकडे न बघता निघून गेली. येते नाही की काही नाही.

मायाच्या आजीच्या हातचं पाणी गावात कुणी घेत नसे. हे तिने लहानपणी ऐकलेलं, ऐकून सोडून दिलेलं. आता डोंबिवलीत, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगीत, आपल्याच कपात सहा वर्षं चहा प्यायलेली बाई, घरातलं माणूस गेलं त्याच दिवशी जात दाखवून गेली. त्यानंतर मायाने तिच्याशी बोलणं टाकलं. वासंती लिफ्टपाशी दिसली की ही जिन्याने.

आणि काल वासंतीचे सासरे गेले. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे.

लिमयांच्या हॉलमध्ये सतरंजीवर माणसं दाटीने बसलेली. खुर्चीत ताठ बसलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणजे भाऊंची बहीण, नौपाड्याच्या विमलाबाई. समोर भाऊंचा फोटो. पंचाहत्तर वर्षांचा हा माणूस मायाला कधी ‘अगं’ म्हणाला नाही. “अहो मायाताई,” असंच म्हणायचा. तिला रडू फुटणार होतं. तिने ते गिळलं. रडायला आलो नाही आपण.

वासंतीची मुलगी अंतरा कुणी न सांगताच ट्रेमध्ये ग्लास घेऊन फिरत होती. सोसायटीचा सेक्रेटरी प्रफुल्ल दोन ग्लास प्यायला आणि उठला. “चला वहिनी, निघतो. येतो परत निवांत.” विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

ट्रे मायापुढे आला. मायाने वासंतीच्या डोळ्यांत बघत ग्लास तळहाताने मागे सारला. अगदी तस्साच. मग उठली, मान वळवली आणि चालती झाली. झालं एकदाचं. दाराबाहेर चपलेत पाय घालताना आतून विमलाबाईंचा आवाज आला.

“ही कोण गं?”

“समोरची. माया.”

“एवढी माणसं आली, पण रीत हिला एकटीला ठाऊक. माणूस गेलेल्या घरी पाणी घ्यायचं नसतं, निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. पुन्हा अशा कारणाने यायची वेळ नको म्हणून. आणि तो मघाचा मुलगा, म्हणे येतो परत निवांत.”

“ती माझ्यावर रागावलीय हो आत्या,” वासंतीचा आवाज चिरकला. “का ते माहीत नाही. तरी आली.”

मायाचा एक पाय चपलेत, एक बाहेर. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. वासंती दाराशी आली तेव्हाही तशीच होती.

“मला तुमची रीतबीत काही माहीत नाही,” माया म्हणाली. “मी उट्टं काढायला आलेले.”

“कसलं?”

“बाबा गेले तेव्हा तू माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस. न बोलता गेलीस.”

हळूहळू वासंतीचा हात तोंडावर गेला.

“अगं, म्हणजे तुला वाटलं...”

“मग काय वाटणार? आमच्या बाबांनी सुतकबितक तरुणपणीच मोडीत काढलेलं. आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, एवढंच मला माहीत.”

“मला वाटलं सगळ्यांकडे असंच असतं.”

“तुमच्याकडे असतं ते सगळ्यांकडे असतं, असंच वाटतं तुम्हाला.”

वासंतीने ते ऐकून घेतलं. “खरंय,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं. आठ महिने बेलपर्यंत हात नेऊन परत फिरायचे मी.”

“दाबायची की मग.”

“तू जिन्याने पळायचीस.”

मायाला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग, मघाशी गिळलेलं सगळं डोळ्यांतून बाहेर आलं. छातीवरचा भरलेला सिलिंडर कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. वासंतीने तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

आता निघायचं कसं, हा प्रश्न होता. ‘येते’ म्हणायचं नाही, आणि न बोलता जाववत नव्हतं.

“जेवलात का कुणी?” मायाने नाक पुसत विचारलं.

“घरात काही शिजवायचं नाही ना आज.”

“माझ्या घरात शिजतं. पिठलंभात आणते. किती जण?”

“पाच. पण आत्या कांदा खात नाहीत.”

विमलाबाई भिंतीला धरून दाराशी आल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि समोरच्या दाराकडे बघितलं. पाटीवर ‘साळवे’, वर बुद्धाची निळी टाइल. त्यांनी सावकाश वाचलं. माया वाट बघत राहिली. अशी वाट तिने बऱ्याच दारांत बघितली होती. वासंतीने तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.

“कोण म्हणतं मी कांदा खात नाही?” विमलाबाई म्हणाल्या. “वीस वर्षं ही मला बिनकांद्याचं वाढतेय. मला वाटलं, हिच्याच घरी चालत नाही. तू घाल गं चांगला. मीठ तेवढं बेताने, बीपी आहे मला.”