गिळलेली लाट

"मॅडम, यंत्राने परत लाट गिळली!" सुजित ओरडला.

सईने यंत्राच्या समोरासमोरच्या दोन कर्ण्यांमधून टेफ्लॉनची पाचर काढली. अंबरनाथच्या त्या शेडमध्ये सूर्य नव्हता. त्याच्या जागी चाचणीपुरती ही पाचर. खरं यंत्र जायचं होतं फ्यूजनच्या, म्हणजे सूर्यासारखी ऊर्जा बनवणाऱ्या भट्टीवर. तिथला प्लाझ्मा, म्हणजे तापून विजेरी झालेला वायू, दहा कोटी अंशांचा. तो किती दाट हे मोजायला त्यात काही घालणाऱ्याचा हातच काय, पुढच्या सात पिढ्या भाजतील. म्हणून अलीकडून मिलिमीटरभर लांबीच्या लाटा सोडायच्या आणि पलीकडे त्या किती सरकल्या ते मोजायचं. प्लाझ्मा जितका दाट, तितक्या त्या जास्त सरकणार.

पण पाचर झटकन सरकवली की यंत्र एक अख्खी लाट मोजायलाच विसरे. लाटा सगळ्या सारख्या, त्यामुळे आपण विसरलो हेही त्याला कळत नसे. चुकीचा आकडा ते अगदी शपथेवर सांगे.

"उद्या यंत्राचा रिव्ह्यू आहे, मॅडम. पाचर हळू ढकलू ना. पास होऊन जाऊ, टेन्शन नाही."

"प्लाझ्माला सांगशील हळू चल म्हणून?"

सुजितने यंत्र बंद केलं. सई काही न ठरवताच घरी निघाली.

मांजर्लीच्या घरात तिचे बाबा, शरदचंद्र, शेजारच्या रामभाऊंना पुराची गोष्ट सांगत होते. "बारा फुटी मगर! जिना चढून आली आणि तुमच्या दाराची बेल वाजवली!"

ही मगर जुनी. पूर्वी ती बेलपर्यंत पोचली की स्वयंपाकघरातून आई ओरडायची आणि मगरीची घोरपड व्हायची. गेल्या दिवाळीनंतर आई गेली आणि मगर मोकाट सुटली. आताही बेल वाजवून बाबा थांबले, स्वयंपाकघराकडे बघत.

ओट्यापाशी पाणी पिणारी सई ओरडली, "घोरपड होती ती! आणि लाइट गेलेले, बेल कुठली वाजतेय?"

रामभाऊ खो खो हसले. "शरदराव, सापडलात!"

"बघा! एक थाप पचू देईल तर शपथ," बाबा खुशीत म्हणाले.

सईने तिथूनच सुजितला फोन लावला. "वेगळ्या लांबीची दुसरी लाट सोडू, त्याच वाटेने. एक गिळली गेली तर आकडे जुळणार नाहीत, दुसरी बोलेल."

"आणि रिव्ह्यू?"

"पुढे ढकलायला सांगते. ओरडा मी खाईन."

फोन ठेवते तोच बाहेरच्या खोलीतून बाबांची हाक आली, "मालिनी, रामभाऊंना चहा टाक गं."

मालिनी आईचं नाव. रामभाऊंचं हसू थांबलं.

बाबांची ही गिळलेली लाट सईने तशीच राहू दिली. "टाकते," म्हणाली, आणि आधण ठेवलं.