गुरुबसप्पाचं विमान

गुरुबसप्पानं रेडिओ घेतला, मी घेतला. त्यानं ॲम्बेसेडर घेतली, महिन्याभरात माझ्याही दारात उभी. त्याची तेलगिरणी, माझं चादरींचं दुकान, आणि वीस वर्षांची दोस्ती. पण बहात्तर साली गड्यानं विमान घेतलं. दोन माणसं बसतील एवढंच, तेही जुनं. पण विमान की हो ते.

माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू? गुपचूप चौकशी केली. किंमत दोन मोटारींएवढी. दुकानामागची जागा विकली असती तर जमलं असतं. पुढचं ऐकून मात्र गारच झालो. ठेवायच्या शेडचं भाडं, पुण्याहून येणारा मेकॅनिक, दरसाल तपासणी, आणि पेट्रोल तर लई पितंय म्हणे. घेणं जमलं असतं, पाळणं जमणार नव्हतं. तेव्हापासून एकाच गोष्टीवर डोळा ठेवून होतो, यालाही ते कधी परवडेनासं होतंय.

दोन वर्षांत पेट्रोल भडकलं. मग इंजिन बंद पडलं. गुरुबसप्पा विकायचं म्हणू लागला. मी तोंडदेखलं हळहळलो आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. माझी बायको कमलम्मा वाढता वाढता नुसती बघत होती.

गुरुबसप्पाची बायको नीलम्मा म्हणाली, दृष्ट लागलीय. रविवारी आम्ही चौघं होटगी रोडच्या विमानतळावर विमानापाशी गेलो. लांब एका बाजूला शेगडी पेटवली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या तिनं आणल्याच होत्या. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती तेवढी हवी होती. गुरुबसप्पा हसला. सगळं सोलापूर बघतंय, कुणाकुणाची घेशील म्हणाला.

कमलम्मा वाकली. माझ्या पावलाजवळची चिमूटभर माती उचलली आणि नीलम्माच्या हातावर ठेवली.

नीलम्मानं सगळं विमानावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकलं. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नाही, न लागला तर आहे. मिरच्या जळून काळ्या झाल्या. कुणीच खोकेना. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी जोरजोरात खोकलो.

गुरुबसप्पा धावत आला. माझ्या पाठीवरून हात फिरवत बायकोला म्हणाला, "बघ, दृष्टबिष्ट काय न्हाय. उगं माझ्या सिद्धप्पाला तरास."

मी खोकतच राहिलो. पाण्याचा तांब्या कमलम्माच्या हातात होता. तिनं तो दिला नाही.