मंगळवारची विहीर

चोपड्याजवळ भटूआबांच्या विहिरीत टेप सोडून मंदाकिनीने पाणी मोजले. १९९२चा चैत्र तापला होता, तरी पाणी इंचभरही उतरले नव्हते. भूजलाच्या अभ्यासासाठी तरुण संशोधकांना मिळणारे अनुदान तिला दुसऱ्या वर्षीही हवे असेल, तर हेच आकडे पाठवायचे होते. पण तिच्या मनात पाल चुकचुकली. दर मंगळवारी पाणी तेवढेच कसे? आणि केळीच्या बुंध्याशी जमीन भेगाळलेली का?

"आबा, केळीला पाणी दिलं नाही?"

"लाइट नव्हती ना, ताई," आबा दुसरीकडे बघत म्हणाले.

मंदाकिनीच्या तान्हीला मांडीवर थोपटणारी त्यांची बायको, कलाअक्का, फिसकन हसली. "लाइट व्हती! तुम्ही येतस म्हनीसन दोन दिन ह्या मोटार बंद ठेवतस. पानी खोल लिखशात ते नवा बोरनी परवानगी भेटाव नही."

म्हणजे वर्षभराचे आकडे खोटे! मंदाकिनीने वही उघडली आणि प्रत्येक मंगळवारापुढे लिहिले, 'मोटार दोन दिवस बंद'. अनुदान गेले तर गेले.

"आबा, आता वार सांगून येणार नाही."

"कव्हय भी या," अक्का म्हणाली, "पन पोरले संगे लई येज्यात."